आईची पाठ बेतताना

चष्म्याच्या दुकानात मी दिवसाला तीसेक माणसांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजते. बहुतेकांचं साठ ते चौसष्ट मिलिमीटर भरतं. माप घेताना कुणी मला नको म्हणत नाही.

सुई मोडली की तुकडा सापडेपर्यंत उठायचं नाही. घरात अनवाणी चालणारी माणसं असतात.

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो आणि आम्ही राहतो त्या इमारतीला लिफ्ट नाही. हा विनोद त्याला आवडत नाही, म्हणून आम्ही तो वारंवार करतो.

बत्तीस वर्षं नकाशे ट्रेस केलेल्या बाईला भिंतीवरचं कॅलेंडर अर्धा अंश जरी कललं तरी झोप लागत नाही.

उशीचा अभ्रा म्हणजे चार सरळ शिलाया. सगळे तिथून सुरुवात करतात आणि बरेच तिथेच थांबतात, तेच शहाणे.

आई चौदा महिने घराबाहेर पडलेली नाही.

*

शिलाई मशीन मी गेल्या वर्षी घेतलं. त्याआधी गिटार घेतली होती, त्याआधी कुंड्या. मला स्वस्थ बसवत नाही. टीव्ही बघताना मी उशीची शिवण नखाने उकरत बसते, फोनवर बोलताना घरभर फिरते. आई म्हणते, ही पोटात होती तेव्हाही एका कुशीवर राहायची नाही.

पहिल्या सहा महिन्यांत पडदे झाले, अभ्रे झाले, पिशव्या झाल्या. मिक्सरला टोपडं झालं, इस्त्रीला झूल झाली, मशीनला कव्हर झालं आणि ते कव्हर ठेवायला एक पिशवी झाली.

"ताई, या घरात आता नागडं काही राहिलं नाही," भाऊ म्हणाला. "मी तर अंघोळीला आत गेलो की दोनदा कडी तपासतो."

मग मी स्वतःचे कपडे शिवायला घेतले. दोन सदरे बरे जमले. पायजम्याचे दोन्ही पाय डावे निघाले. तो मी घरात घालते.

दहा तारखेला चार वाजता फोन वाजला. चारला फोन वाजला की तो हेडबाईचाच असतो. हेडबाई म्हणजे आईच्या ऑफिसातली हेड ट्रेसर. निवृत्त होऊन दोघींना पंधरा वर्षं झाली, तरी आई तिला नावाने हाक मारत नाही. हेडबाईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, आमचे दोन मजले तिला चढवत नाहीत. आई उतरत नाही. म्हणून फोन.

"अठ्ठावीसला मला पंच्याहत्तर पूर्ण," हेडबाई म्हणाली. तिचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येतो. "आपल्या सगळ्या मुली येतायत." त्या मुलींमधली सगळ्यात धाकटी अडुसष्ट वर्षांची आहे.

"बघू," आई म्हणाली. "घालायला काही नाही गं मला."

मी तेव्हा इस्त्री करत होते. "मी शिवते," मी म्हणाले.

आईने फोनवर हात ठेवला. "मिक्सरचं टोपडं नाहीये हे."

"शिवते म्हटलं ना."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग फोनवरचा हात काढला. "ऐक. मुलगी ड्रेस शिवतेय माझा. झाला तर येते."

झाला तर येते. हे चौदा महिन्यांत ती पहिल्यांदा म्हणाली. मी इस्त्री उचलायची विसरले आणि भावाच्या शर्टाच्या बाहीवर आमच्या इस्त्रीचा आकार उमटला.

*

चौदा महिन्यांपूर्वी काय झालं ते भावाने सांगितलं. मला ते त्याच संध्याकाळी पहिल्यांदा कळलं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, जिना.

तो तिला कपड्यांच्या दुकानात घेऊन गेला होता. ट्रायल रूममध्ये तीन आरसे होते, एक समोर आणि दोन तिरके. आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भाऊ दाराशी उभा राहून खोकला, आणखी थोड्या वेळाने पुन्हा खोकला. ती बाहेर आली, ड्रेस काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "शिलाई वाकडी आहे." घरी येऊन चप्पल रॅकमध्ये सगळ्यात खालच्या खणात ठेवली.

"शिलाई खरंच वाकडी होती?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? मला सरळच वाटली."

"मग?"

"मग काय मग. तू तिला बाजूने कधी बघितलंस का?"

मी दिवसभर लोकांना समोरून बघते.

*

गडद निळं सुती कापड, तीन मीटर. पुढे बटणं, छोटी कॉलर, पोटऱ्यांपर्यंत लांबी. मी आईचा जुना आवडता ड्रेस उसवला, तुकडे इस्त्री करून खाकी कागदावर ठेवले आणि कडेने पेन्सिल फिरवली. जो ड्रेस बसत होता त्याच्यावरून काढलं तर बसणारच, असा माझा हिशोब. तो कधी बसत होता, हा प्रश्न मला पडला नाही.

चार दिवसांत शिवला. टेबलावर पसरला तेव्हा इतका सरळ होता की आईने काठावरून बोट फिरवलं आणि "हं" म्हणाली. आईचं "हं" म्हणजे बाकीच्यांचं टाळ्या वाजवणं.

मग तिने तो घातला.

मागचा काठ चार बोटं वर उचलला गेला. पुढचा खाली लोंबला. कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली आणि छातीपाशी दोन बटणांमध्ये फट पडली. आईने कपाटाच्या आरशात पाहिलं, फक्त समोरून, आणि हाताने पुढचा भाग खाली ओढला. मागचा आणखी वर गेला.

"वाकडा झालाय," ती म्हणाली.

"तू जरा ताठ—"

"ताठच उभी आहे मी." तिने बटणं काढायला सुरुवात केली. "मी वाकडी नाही. तुझी शिलाई वाकडी."

मी पुढचा काठ चार बोटं कापला. विचार न करता, दहा मिनिटांत, उभ्या उभ्या. पुढे लांब आहे ना, मग पुढे कापा. पुन्हा घालायला लावला. आता काठ सरळ दिसत होता, पण एक पाऊल टाकलं की सगळा ड्रेस मागे सरकायचा आणि कॉलर तिच्या गळ्यात रुतायची. ती एक बोट कॉलरमध्ये घालून उभी राहिली.

सहा दिवस गेले होते. बारा उरले.

*

आमच्या दुकानाशेजारी आल्टरेशनवाले मास्तर बसतात. जेवणाच्या सुट्टीत मी ड्रेस घेऊन गेले. त्यांनी तो खिडकीपुढे धरला, उलटा केला, सुलटा केला.

"बाई, तुम्ही छंद लावून घेतलात ते फार बरं केलंत. आमचं पोट चालतं."

"मास्तर, चेष्टा नंतर करा."

"नंतर कशी करणार? आत्ताच वेळ आहे." त्यांनी ड्रेस माझ्या हातात दिला. "आईच्या पाठीला बाक आहे?"

हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलेला नव्हता. मी मानेनेच हो म्हटलं.

"मग खालून काय कापताय? कापड कमी पडतंय ते वर, पाठीत. पाठीवर चढून उतरायला त्याला लांबी लागते. मिळाली नाही तर ते काठापासून ओढून घेतं. कागदावर पाठ आडवी कापा, उघडा, मध्ये कागद जोडा. मानेपाशी दोन बारीक टक्स घ्या. पुढून थोडं कमी करा, तेही वरून."

"किती उघडू?"

"ते मी कसं सांगू? माप घ्या ना. आईच आहे तुमची."

*

माप.

तिने मला टेप जवळ आणू दिली नाही. जुना ड्रेस आहे ना, म्हणाली. नंतर घेऊ, म्हणाली. डोकं दुखतंय, म्हणाली. मी खिडकीशी तिच्या मागे उभी राहून हवेत वीत लावली, तर तिने काचेत पाहिलं. तिच्या खुर्चीच्या पाठीवर खडूने खूण केली, तर ती त्या दिवशी पलंगावर बसली. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकाचं माप मी दोनदा चुकवलं. तो म्हणाला, बाई, आज लक्ष कुठाय.

रविवारी सकाळी ती गॅसपाशी उभी होती. मी मागून जाऊन तिला मिठी मारली. टेपचं टोक माझ्या मुठीत होतं. मानेच्या हाडापासून हात खाली आणायला मी सुरुवात केली आणि तिची पाठ पहिल्यांदा माझ्या तळहाताखाली आली. तिथे एक वळण होतं, मला आठवत होतं त्याच्यापेक्षा खूप आधी सुरू होणारं.

ती हलली नाही. भांड्यातलं पाणी उकळत होतं.

"मिठी मारतेयस की माप घेतेयस?" तिने विचारलं.

मी हात काढला.

भाऊ दारात उभा होता, ब्रश तोंडात. नंतर बाल्कनीत तो मला म्हणाला, "ताई, एक विचारू? तुला आईला बाहेर काढायचंय, की तुझा ड्रेस बाहेर काढायचाय?"

मी म्हणाले, तू दात घास. मग दिवसभर मी घरातल्या तीन ड्रॉवरांमधली बटणं रंगांप्रमाणे लावली, मग आकारांप्रमाणे, मग पुन्हा मिसळली.

*

अंदाजानेच करायचं ठरवलं. तळहाताला जेवढं आठवत होतं तेवढं. खाकी कागदावर पाठ आडवी कापली, उघडली, मध्ये पट्टी चिकटवली आणि पाठीचं वळण हाताने काढलं. खोडलं. पुन्हा काढलं. मग जुन्या चादरीचा कच्चा ड्रेस शिवला, आधी घालून बघायला.

बाक आलेल्या पाठीला बसणारा ड्रेस टेबलावर ठेवला की कसा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. तो फुगतो. पाठ पुढ्यापेक्षा बोटभर नाही, चांगली वीतभर लांब वाटते, मानेखाली कापड पोत्यासारखं वर येतं, आणि कितीही हात फिरवा, सपाट बसत नाही. मी तो तसाच टेबलावर टाकून दुकानात गेले. घाईत. किल्ल्या शोधत.

संध्याकाळी आले तर आई टेबलापाशी उभी होती. हात मागे बांधलेले, ऑफिसात नकाशा तपासताना उभी राहायची तशी.

"हा कुणाचा?" तिने विचारलं.

"चादरीचा आहे. नुसता बघायला."

"कुणाचा आहे, विचारलं मी."

मी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"एवढी झालेय मी?"

"आई, तो टेबलावर तसा दिसतो. अंगावर गेला की—"

"बत्तीस वर्षं कागदावरच्या रेघा बघून डोंगर किती उंच ते सांगत होते मी. मला शिकवू नकोस." ती आत गेली. चार केव्हाच वाजून गेले होते, तरी तिने स्वतः फोन लावला. हेडबाईचा आवाज भिंतीपलीकडून आला, आईचा अगदी हळू. "नाही गं. सर्दी झालीय. छातीत उतरलीय. नाही जमायचं."

ती एकदाही शिंकली नव्हती.

*

मी मशीनवर कव्हर घातलं. दोन दिवस हात कुठे ठेवायचे ते कळेना. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातले सगळे डबे धुतले. दुसऱ्या दिवशी भावाच्या करपलेल्या बाहीवर ठिगळ लावलं आणि ते काढलं. कापडाच्या दुकानात जाऊन त्याच निळ्या थानातलं उरलेलं पावणेतीन मीटर बांधून आणलं, आणि आणल्यावर ते कुठे लपवावं हा प्रश्न पडला. पिशव्या खूप होत्या.

खाकी कागद टेबलावर तसाच राहिला होता. टाकवत नव्हता, बघवतही नव्हता.

तेवीस तारखेला मी जेवणाची ताटं मांडायला टेबल रिकामं करत होते. आई येऊन बसली. तिच्यासमोर कागदाची पाठ होती, माझ्या खाडाखोडीसकट. तिने चष्मा चढवला. मी कागद उचलायला गेले तर तिने त्यावर बोट ठेवलं.

"ही काय रेघ आहे?"

"राहू दे, टाकतेच आहे मी."

"कोंबडीच्या पायाने काढलीस का? इथे तुटलीय. इथे दोनदा गेलीस. इथे वळण संपायच्या आत सरळ केलीस." तिचं बोट कागदावरून चाललं होतं. "हे कशावरून काढलंस?"

"अंदाजाने."

"अंदाजाने." ती तो शब्द पहिल्यांदाच ऐकत असावी तशी बोलली. "माझ्या हाताखालच्या मुलीने असं काम आणलं असतं तर मी तिच्यासमोर फाडलं असतं."

"मग फाड."

भाऊ ताट घेऊन उभा होता. त्याने ते हळूच ओट्यावर ठेवलं.

आई उठली. आतल्या कपाटातला वरचा खण उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी खाली काढल्याचा. ती एक लांब काळी पट्टी घेऊन आली, रबरात गुंडाळलेली, आत शिसं. वाकवू तशी वाकते आणि वाकवली की तशीच राहते. नकाशातल्या नदीची वळणं काढायला तिच्या ऑफिसात वापरायचे.

"तू बाहेर जा," ती भावाला म्हणाली. तो जिन्यात जाऊन बसला.

तिने सदरा काढला आणि माझ्याकडे पाठ करून टेबलाला हात टेकले. मग हात काढून घेतले आणि नुसती उभी राहिली.

"मानेच्या हाडापासून. दाबून लाव. आधी हातात धरून गरम कर, गार असते ती."

मी पट्टी दोन्ही तळव्यांमध्ये घासली. मग लावली. मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत, बोटाबोटाने दाबत. तिच्या श्वासाबरोबर पट्टी पुढेमागे होत होती.

"श्वास सोडल्यावर धर," ती म्हणाली. "आता. उचल. वाकवू नकोस. कागदावर आडवी ठेव."

मी ठेवली. तिने सदरा चढवला, खुर्ची ओढली, पेन्सिलीला टोक केलं आणि पट्टीच्या कडेने एक रेघ काढली. न थांबता. पट्टी बाजूला केली आणि तिची पाठ कागदावर राहिली.

आम्ही दोघी बघत होतो.

"आयुष्यभर एकास पाच हजारने काढलं," आई म्हणाली. "हे एकास एक." तिने रेघेवर दोरा ठेवला, वळणावळणाने नेला, सरळ करून मोजला. "त्रेचाळीस. टोकापासून टोकापर्यंत सरळ मोजलं तर छत्तीस. सात कमी पडत होते तुला. तू किती दिले होतेस?"

"अकरा."

"बघ. उगाच मला उंट केलंस."

जिन्यातून भावाचा आवाज आला, "मी आत येऊ का? डास चावतायत."

*

कापायच्या आधी तिने खडूच्या सगळ्या खुणा तपासल्या. शिवणीसाठी सोडलेली माया एका बाजूला दीड आणि दुसऱ्या बाजूला पावणेदोन आहे, हे तिने पट्टी न लावता सांगितलं. मी चिडले. मी म्हणाले, मग तूच शिव. ती म्हणाली, मला शिवता येत नाही, मला फक्त चुका दिसतात. मास्तरांना मी टक्स कुठे संपवायचे ते विचारून आले. ते म्हणाले, "माप मिळालं वाटतं." मी हो म्हणाले. त्यांनी त्यावर चेष्टा केली नाही.

पंचवीसला बाह्या लागल्या. दोन्ही योग्य बाजूंना. सव्वीसला बटणं. सत्तावीसला चार वाजता आईने फोन उचलला आणि म्हणाली, "सर्दी उतरली. हो, एकाएकी. तू डॉक्टर आहेस का? येते म्हटलं ना."

अठ्ठावीसला दुपारी तिने ड्रेस घातला. मी खाली बसून जमिनीपासून काठापर्यंत टेप लावली आणि तिच्याभोवती सरकत गेले. पुढे एकतीस. बाजूला एकतीस. मागे एकतीस. कॉलर मानेला टेकलेली होती, दाबत नव्हती. बटणांमध्ये फट नव्हती.

"आरसा," ती म्हणाली.

भावाने बाथरूममधला आरसा खिळ्यावरून काढून आणला आणि तिच्या मागे तिरका धरला. ती कपाटाच्या आरशात बघत राहिली. आरसा जड होता, पण भावाने तो खाली केला नाही.

"पाठ दिसतेय," आई म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

"दिसणारच. आहे ती." मग तिने दोन्ही मनगटं शेजारी धरून बघितली. "डावी बाही अर्धा सेंटिमीटर लांब आहे."

"दुमडते."

"राहू दे. उशीर होतोय."

जिन्यात भाऊ तिचा हात धरायला गेला. तिने त्याला खाली पाठवलं. तू शेवटच्या पायरीशी उभा राहा, ही मागून येईल. ती कठडा धरून उतरत होती, मी दोन पायऱ्या वर. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. खाली रस्त्यावरून कुणीतरी मोठ्याने हसत गेलं. तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, आता वळणार. मी बाजूला सरकून तिला वर यायला जागाही केली.

"काठ?" तिने विचारलं. वळून नाही, पुढे बघूनच.

"सरळ."

"मागून?"

"मी मागेच आहे, आई."

तिने पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

हेडबाईचं घर आमच्या फाटकापासून चालत सात मिनिटांवर आहे.